मैत्रिणीचा दुखवटा, मुक्काम गुंजवणे

गुंजवण्याला जायचं तर स्वारगेटहून सकाळची लवकरची वेल्ह्याची एसटी गाठा. थंडीत उठायचा कंटाळा येतो, पण नंतरच्या गाड्यांचा भरवसा नाही. बायकांना अर्धं तिकीट. नंदा म्हणायची, "दोघी मिळून एकच माणूस जातोय बघ." यंदा मी एकटीच अर्धं तिकीट काढून बसले.

नंदा आणि मी पुण्यात एकाच शाळेत शिकवायचो. दर हिवाळ्यात दोन दिवस राजगडाच्या पायथ्याशी गुंजवण्याला, घरी पाहुणे ठेवणाऱ्या हौसामावशींकडे राहायचो. नंदा यंदा श्रावणात गेली. मावशींना ते ठाऊक नव्हतं. मुक्कामासाठी फोन केला तेव्हा त्यांनी "दोगी ना?" असं विचारलं आणि माझ्या तोंडून सवयीनं "हो" निघून गेलं. फोनवर असलं सांगायला जीभ वळेना. त्यामुळे ही सहल कसली, निरोप पोचवायलाच निघाले होते.

नसरापूरला गाडी आत वळली की वारा अंगाला चावतो. मफलर जवळ ठेवा, खिडकी लागेलच असं नाही. मार्गासनीला उतरून गुंजवण्याची जीप पकडायची. ती भरल्याशिवाय हलत नाही, तोवर भजी खाऊन घ्या. मला भजी काही गेली नाहीत.

मावशी अंगणात तांदूळ पाखडत होत्या. मला बघून उठल्या आणि माझ्या मागं रस्त्याकडं बघू लागल्या.

"दुसऱ्या बाई मागनं येत्यात व्हय?"

"नंदा गेली, मावशी. श्रावणात."

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि तिथंच बसल्या. आत चुलीवर दोघींच्या अंदाजानं पावट्याची आमटी शिजत होती. त्यांनी आजाराचं विचारलं, दवाखान्याचं विचारलं, शेवटी कोण जवळ होतं तेही विचारलं. मी सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "तुमचा दुखवटा कुणी काढला?"

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. ज्या घरात माणूस जातं, त्या घरच्यांना सोयरे गोडाचं जेवू घालतात, नवं कापड देतात आणि तिथून शोक आवरायचा असतो. नंदाच्या घरच्यांचा दुखवटा रीतसर झाला होता. त्या दिवशी मी पंगतीत वाढायला होते. मी मावशींना म्हटलं, माझा कोण काढणार, मी नुसती मैत्रीण.

दुसऱ्या दिवशी उजाडताना पडवीत जाऊन बसले. आमचा नियम होता, चहा होईपर्यंत बोलायचं नाही. नंदा खाली बांधावर बसायची, मी पडवीत. खाचरांवरचं धुकं विरायचं, राजगडाचा कडा दिसायचा आणि दोघी आपापल्या एकटेपणात मजेत असायचो. एकटं बसायलाही जवळपास आपलं माणूस लागतं, हे मला त्या सकाळी कळलं. बांध मोकळा होता. मला तिथं घडीभरही बसवेना.

दुपारी मावशींनी शेजारच्या दोन बायका बोलावल्या. मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि ट्रंकेतली कोरी साडी माझ्या मांडीवर ठेवली. मी नको-नको करत होते.

"नात्याचंच माणूस जातं व्हय?" मावशी म्हणाल्या. "लई दिस दाबून ठेवलंय तुमी. आदी रडून घ्या. मग खीर खायाची."

श्रावणापासून मी धड रडले नव्हते. नंदाच्या घरी रडायचा मान तिच्या माणसांचा होता. इथं मी हुंदके देऊन रडले. कुणी उगी म्हटलं नाही. मग नव्या तांदळाची खीर खाल्ली. दोन वाट्या खाल्ली.

परतताना वाकडी वाट करून भोरला गेले. तुम्ही गेलात तर उत्रोलीकडचा नवा तांदूळ जरूर घ्या, वासानंच भूक लागते. माझ्या पिशवीत आधीच मावशींनी पावटा कोंबला होता, तरी थोडा तांदूळ घेतला. पुण्यात पोचले तेव्हा खांदा भरून आला होता.

साडी मी परवा नेसले. जिन्यात शेजारच्या काकूंनी पदर हातात घेऊन पाहिला आणि कुठल्या कार्याची म्हणून विचारलं. नंदाच्या दुखवट्याची, असं मी सांगितलं.

"त्यांच्या घरच्यांनी दिली का?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्या घरच्यांनी."