तहानलेली रांग

निरोप आला तेव्हा मी वर्गावर होतो. शिपायानं दारातूनच हात केला. बाहेर आलो तर म्हणाला, "कांबळे मॅडम गेल्या, सर. सोलापूरच्या दवाखान्यात. किडन्या निकामी झाल्या म्हणं." मी परत आत गेलो आणि फळ्यावर अर्धवट राहिलेलं समीकरण पूर्ण केलं. का केलं, ते आजही सांगता येत नाही. सुमन कांबळे वनस्पतिशास्त्राच्या, मी रसायनशास्त्राचा. कॉलेजात प्रयोगशाळा एकच, त्यामुळं अर्धं आयुष्य आम्ही एकाच टेबलावरून भांडत काढलं. आता भांडायला कुणी उरलं नाही, एवढंच तेव्हा कळलं...

बाई बेंबळीच्या. छप्पननंतर दीक्षा घेतलेलं घर. वडील लहानपणीच गेलेले. आई भागाबाई, दुसऱ्याच्या रानात खुरपून तिनं लेकीला शिकवलं. बाई रोज एस.टी.नं उस्मानाबादला यायच्या आणि आल्या आल्या माझी खोडी काढायच्या. "माने सर, तुमच्या बाटल्यांत सगळं मेलेलं असतं. माझं पान जिवंत आहे, त्याच्याशी अदबीनं बोला." मी चिडायचो. त्यांना तेच हवं असायचं.

पीएच.डी.साठी त्यांनी धरलेला प्रश्न मला आधी पोरकट वाटला होता. दुष्काळात ज्वारीचं पान उन्हात उभं असतं, ते करपून का जात नाही? पान ऊन घेतं, पाणी फोडतं, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती असे पुढं पुढं जातात. शेवटी त्यांच्या जोरावर हवेतल्या कार्बनचं अन्न होतं. पण तहानलेलं पान आपली छिद्रं मिटून घेतं. हवा आत येत नाही, ऊन मात्र थांबत नाही. मग त्या इलेक्ट्रॉननी जायचं कुठं? बाई सांगायच्या, "लोहाऱ्याची एस.टी. आली नाही तर स्टँडवर माणसं तुंबतात आणि धक्काबुक्की सुरू होते. तेवढ्यात एखादा जीपवाला येतो, थोडी माणसं भरून नेतो. पानातही असा जीपवाला असणार." हा जीपवाला म्हणजे ऑक्सिडेज नावाचं विकर, एन्झाइम. ते तुंबलेले इलेक्ट्रॉन उचलून ऑक्सिजनला देतं आणि त्यातून पुन्हा पाणीच होतं. तहानेत हे विकर वाढतं, असा बाईंचा अंदाज होता. त्या काळी याविषयी बाहेरही फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. बाईंना ते आपल्या ज्वारीत दाखवायचं होतं. गाईड निवृत्तीला आलेले, नोंदणीची मुदत संपत आलेली, आणि हंगाम हा एकच हाती.

त्या वर्षी पाऊस नव्हताच. बेंबळीच्या अंगणात बाईंनी डालड्याच्या डब्यांच्या दोन रांगा मांडल्या. एका रांगेला पाणी, दुसरी तहानलेली ठेवायची. गावात टँकर येत होता आणि ही बाई आपल्या अंघोळीचं पाणी ज्वारीला घालते म्हणून लोक हसायचे. विकर उष्णतेनं लगेच मरतं, म्हणून दूध संघाच्या शीतकरण केंद्रातून बर्फ मागून न्यायचा, सकाळी पानं खुडून त्या बर्फात ठेवायची आणि एस.टी.त मांडीवर थर्मास घेऊन बसायचं. महिनोन्‌महिने हेच चाललं.

आकडे आले, ते दोन्ही रांगांचे सारखेच. पुन्हा केलं, पुन्हा तेच. गाईड म्हणाले, "बाई, तहानेचा आणि या विकराचा संबंध नाही. विषय सोडा." बाईंनी आकड्यांची वही मिटली. त्या दिवशी मी भांडलो नाही.

पुढच्याच आठवड्यात त्यांना पहाटे जाग आली. बाहेर पाहतात तर भागाबाई तहानलेल्या रांगेपुढं बसलेली, हातात तांब्या, एकेका डब्यात घोट घोट ओततेय. आपल्या पिण्याच्या वाटचं पाणी. "आई, हे काय करतीस?" तर म्हणाली, "आमच्या वक्ताला आडाला हात लावू देत न्हवते. कुणी वरून वतंल म्हणून घागर घिऊन उन्हात बसायचं. तहान काय आस्ती ती म्या बघितलीया. दारात तहानलेलं ठिवून माझ्या घशाखाली पानी उतरंना गं..."

"मग तुम्ही काय म्हणालात?" बाई हे प्रयोगशाळेत सांगत होत्या, तेव्हा मी विचारलं.

"बरं केलंस, म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तिच्या पाण्यानं दोन्ही रांगा सारख्या झाल्या, हे तिला कळू द्यायचं नाही, सर. कधीच नाही."

डबे कॉलेजच्या गच्चीवर मांडू, असं मी सुचवलं. पण तोवर जनावरं चारा छावणीला गेली, दूध आटलं, शीतकरण केंद्राला कुलूप लागलं. बर्फ नाही तर विकर नाही. मुदत संपली, गाईड निवृत्त झाले. बाई शिकवत राहिल्या, पण माझ्या खोड्या काढणं थांबलं. त्यांचा अंदाज बरोबर होता असं मला वाटतं. वाटून काय उपयोग?

गेल्या आठवड्यात बेंबळीला गेलो. भागाबाईंनी चहा ठेवला आणि पाठमोऱ्याच बोलू लागल्या. "सर, त्या ज्वारीनं सुमनचं काम झालं न्हवं?"

"झालं, मावशी."

"म्या चोरून पानी घातलं म्हणून जगली ती झाडं... दवाखान्यात डागदर म्हनला, पानी द्याचं न्हाय, वट नुस्ते वले करा. ती मागायची. आई, घोटभर दे. लई मागायची वो. तांब्या माझ्या हाताशीच व्हता." त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "म्या डागदरचं ऐकलं. दिलं आसतं तर जगली आसती का?"

"नसती जगली, मावशी," मी म्हणालो. हे खरं होतं आणि त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी माठातून तांब्या काठोकाठ भरला, आतल्या खोलीत बाईंच्या रिकाम्या खाटेच्या उशाशी नेऊन ठेवला. धूळ पडेल म्हणून मी वर फुलपात्र पालथं घालायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या. उघडाच ऱ्हाऊ द्या."