चौथी सुपारी

१९९३ साली मी बावन्न वर्षांचा होतो. भूकंपात आमचं औशाकडचं घर पडलं, आन् घरात कमळा होती, माझी बायको. त्याबद्दल मी इथं यापेक्षा जास्त लिहिणार नाही, आजवर कुणाजवळ बोललोही नाही. साल एवढ्यासाठी सांगितलं, की हमीदभाईची आन् माझी गाठ त्याच्यामुळंच पडली. हा हमीदभाई गेल्या महिन्यात वारला. सकाळी त्याच्या पोराचा फोन आला, "आबा, अब्बा नै रहे," एवढंच बोलला. मी चप्पल घातली आन् निघालो. माझी शाळा तिसरीपर्यंत. हमीदभाईवर कुणी लिहायचं तर मीच लिहीन, दुसऱ्याच्या हातानं लिहून घेणार नाही, असं घरी सांगून टाकलं. चुकलं माकलं तर छापणाऱ्यांनी बघून घ्यावं.

भूकंपानंतर मी लातुरात पोराकडं आलो. त्याचं घर स्लॅबचं. मी अंगणात बाज टाकली, आत झोपलो नाही. सून म्हणायची, लोक काय म्हणतील. म्हणू देत. दिवसभर गावात फिरायचो. एका ऐतवारी ऊन लई झालं, तर गंजगोलाईच्या बाजारामागच्या एका दुकानात शिरलो. का, तर वर पत्रा होता. पत्रा अंगावर पडला तरी माणूस उठून उभा राहतो. ते दुकान पुस्तकं बांधायचं. मागं घर, मधे पडदा. हमीदभाई पुस्तक धरून मोठ्यानं वाचत होता आन् दोघं ऐकत होते. एक शैलाबाई, पोरांची मेस चालवायच्या. दुसरे गिरी सर, क्लासवर फिजिक्स शिकवायचे.

हमीदभाईनं मान वर केली. "बसा पाटील. पण मधी बोलायचं न्हाई. हितं माणूस चंद्रावर अडकलाय."

मी पाटील नव्हे. पण बसलो. तो माणूस चंद्रावरून सुटेपर्यंत दर ऐतवारी गेलो, मग जातच राहिलो. तिथं फक्त असलीच पुस्तकं चालायची, दुसऱ्या ग्रहावरची, पुढच्या जमान्याची, नाहीतर जादूच्या राज्याची. मी एकदा म्हणालो, आपल्याकडच्या माणसांचं काहीतरी वाचा की. हमीदभाई म्हणाला, "आपल्याकडचं तर रोज दिसूनच राहिलंय, आबा. त्याला पुस्तक कशाला?"

पुढचं पुस्तक निवडायची रीत त्याचीच. फळीवर दोन-तीन पुस्तकं मांडायची, प्रत्येकाचं पहिलं पान वाचायचं, मग ज्यानं त्यानं आपली सुपारी पसंतीच्या पुस्तकावर ठेवायची. चारी सुपाऱ्या एकावर आल्या तरच ते वाचायचं. एक जरी अडली तरी पुस्तक थांबलं. शैलाबाई म्हणायच्या, "ह्यापेक्षा पोरीचं लग्न लवकर जमतंय."

अडायची ती माझीच सुपारी. हमीदभाईचं एक लाडकं पुस्तक होतं, हलत्या शहराचं. दुसऱ्या कुठल्या ग्रहावर एक शहर असतं आन् तिथली जमीन मधून मधून हलती. त्याचं पहिलं पान त्यानं वाचायला घेतलं, 'पहाटे कुत्री रडू लागली' असं सुरू झालं... मी उठलो आन् बाहेर जाऊन उभा राहिलो. आत आल्यावर म्हणालो, "हे न्हाई." हमीदभाईनं का म्हणून विचारलं नाही. पण पुढं दर वेळेला निवडायला बसलो की तो आपली सुपारी आधी त्याच पुस्तकावर ठेवायचा, माझ्याकडं बघायचा, आन् उचलून दुसऱ्यावर ठेवायचा. इतकी वर्षं हेच.

मग लातूरची हवा बदलली. गल्लीबोळात क्लास निघाले. नायगावची, चाकूरची, अर्धापूरची पोरं खोल्या करून राहायला लागली. हमीदभाईच्या दुकानात क्लासच्या नोट्सचे ढीग पत्र्याला टेकले. ऐतवार मात्र त्यानं सोडला नाही. त्या गर्दीतच एक गंमत झाली. सोळा पानांच्या घडीला बांधणारे फर्मा म्हणतात. दोन सूर्यांच्या ग्रहाची एक कादंबरी तो उसवून नव्यानं शिवत होता, तिच्यात नोट्सचा एक फर्मा शिवला गेला. गिरी सर त्या ऐतवारी परीक्षेच्या गडबडीत होते. हमीदभाई वाचत गेला, आम्ही ऐकत गेलो. वर फेकलेला दगड कुठं थांबतो, का थांबतो, खाली येताना वेग कसा वाढतो... मला वाटलं, तिथला म्हातारा शास्त्रज्ञ राजाला समजावून सांगतोय. शैलाबाई म्हणाल्या, "कोरडं वाटून राहिलं जरा." मी म्हणालो, आजवरचं सगळ्यात चांगलं प्रकरण हेच.

पुढच्या ऐतवारी गिरी सर आले ते डोक्याला हात लावूनच. "हमीदभाई, माझ्या वर्गात एक पोरगी विचारती, सर, दोन सूर्य उगवल्यावर राणी पळून जाती, हे सिलॅबसमधे हाय का?"

हमीदभाई इतका हसला की पडद्यामागून त्याच्या बायकोनं, खैरूनभाबींनी, पाणी पाठवलं. मग तो नोट्सची पानं काढायला दाभण घेऊन बसला, तर मी हात धरला. ती तिथंच राहतील, म्हणालो. ज्यानं ऐकलं त्याला ती त्याच गोष्टीतली वाटली, तर ती त्या गोष्टीतलीच. गिरी सरांनी लई हुज्जत घातली. पुस्तक अजून तसंच आहे, आन् माझं म्हणणंही तसंच आहे.

शेवटच्या बैठकीत पुन्हा निवड होती. हमीदभाई थकला होता, आवाज बसला होता. त्यानं सुपारी हलत्या शहरावर ठेवली, माझ्याकडं बघितलं... आन् ह्या खेपेला उचलली नाही. त्याचं बघून शैलाबाईंनी आन् सरांनीही तिथंच ठेवली. माझी माझ्या मुठीत. "आबा, घाई न्हाई," हमीदभाई म्हणाला. "पुढच्या ऐतवारी बगू. म्या त्याला नवीन बांधलंय." मी सुपारी खिशात टाकली आन् घरी आलो. पुढचा ऐतवार त्याला मिळाला नाही.

माती देऊन आलो त्या रात्री मी बाजेवर पडून होतो. मनात एकच येत होतं, त्याचं एक पुस्तक आपण अडवून धरलं. सकाळी उठून दुकानात गेलो. पोरानं कुलूप काढून दिलं आन् पाहुण्यांकडं गेला. फळीवर पुस्तक होतं, वर तीन सुपाऱ्या. मी माझी ठेवली. मग सगळ्या बाजूला घेऊन पुस्तक उघडलं. वाचणारा नव्हता, तर अक्षरावर बोट ठेवून मीच सुरुवात केली. पण पहिलं वाक्य मधूनच सुरू झालं होतं, '...आणि मग त्यांनी नवीन जागा बघायला माणसं पाठवली.' कुत्री कुठं दिसेनात. पानं चाळत गेलो. सगळ्यात शेवटी, पुठ्ठ्याला लागून, पहिला फर्मा शिवलेला होता. त्यानं हलणारी जमीन उसवून मागं नेली होती. आधी नवीन गाव वसावं, मग मी त्या हलत्या जमिनीपाशी पोचावं, म्हणून.

पण मी हट्टी माणूस. पुस्तक मागून उघडलं, कुत्र्यांपासून वाचायला घेतलं, एकेक अक्षर लावून, तोंडातल्या तोंडात. दोन ओळी झाल्या असतील. पडद्यामागून खैरूनभाबींचा आवाज आला, "आबा, जरा जोर से पढो ना. अंदर सुनाई नै देता."

मग मी पहिल्यापासून परत सुरू केलं, मोठ्यानं.