एकदा वाजवलं की आलं

"आलं का?"

छतावरून हा प्रश्न आला की संध्याकाळ झाली हे आमच्या गल्लीला कळायचं. शेजारचे अण्णा अँटेनाचा पाइप दोन्ही हातांनी धरून वर उभे असत. तुमच्याही गल्लीत असा एकजण असेलच. पण आमचं औराद सीमेवरचं. अँटेनाच्या काड्या पश्चिमेला केल्या की मराठी, दक्षिणेला कन्नड, पूर्वेला तेलुगू. मधेच थांबलं की पडद्यावर नुसत्या मुंग्या. अण्णा तिन्ही भाषांत भांडू शकत. पण त्यांच्या बायकोला, आमच्या अक्कांना, मराठीच कळायचं. म्हणून काड्या कायम पश्चिमेला.

गल्लीतला पहिला टीव्ही त्यांचा. मी नवी नवरी, दाराशी बसायचे, म्हणून अण्णांना उत्तर देणं माझ्यावर आलं. पहिल्याच दिवशी सासूबाई कडाडल्या, "सुनेनं वडीलधाऱ्यावर वरडायचं व्हय?" तेव्हा अक्कांनी माझ्या हातात ताट आणि उलथनं दिलं. एकदा वाजवलं की आलं, दोनदा वाजवलं की न्हाई. आज माझा आवाज आठवडी बाजाराच्या पार जातो. मी नुसतं ताट वाजवायचे ते दिवस आठवले की आमच्या ह्यांना उसासे येतात.

पुढं रंगीत टीव्ही आला, केबल आली, छताछतावर डिश बसल्या, मग सगळ्यांच्या माना मोबाइलात गेल्या. अण्णांचा पाइप तिथंच.

म्हातारपणी अक्कांचं एक अंग लुळं पडलं. न्हाऊ-माखू घालणं आम्ही बायकांनी वाटून घेतलं. अण्णा भरवायला गेले तर अक्कांना ठसका लागला, कूस बदलायला गेले तर त्या कळवळल्या. अण्णांच्या हाताला एकच काम उरलं, संध्याकाळी शिडी लावायचं.

पुतण्या म्हणाला, "काका, डिश बसवतो." अण्णांच्या आधी खाटेवरून अक्काच बोलल्या, "नगं रे."

नंतर मला म्हणाल्या, "मला आता दिसतंय कुठं बाई? पण डिश बसली तर ह्येनी माझं करायचं काय?"

मग सरकारनं टीव्हीचे जुने टॉवर बंद केले. मी अण्णांना सांगितलं, "आता कुठनंच येणार न्हाई."

"तुला काय कळतंय? वाऱ्यानं काड्या फिरल्यात," म्हणाले आणि शिडीवर पाय ठेवला.

त्या दिवशी मी खरं तेच सांगितलं, दोनदा वाजवलं. "आलं का?" पुन्हा दोनदा. अंधारू लागलं. त्यांचे लटलटणारे गुडघे मला खालून दिसत होते. अक्का कुजबुजल्या, "एकदाच वाजीव गं. उतरू दे त्यास्नी."

मी एकदाच वाजवलं. अण्णा उतरून आत आले, तर पडद्यावर मुंग्या.

"आत्ताच गेलं वाटतं," ते म्हणाले.

"व्हय. बाई बातम्या सांगायलती," अक्का म्हणाल्या. पडदा कुठं आहे याचा त्या नजरेनं अंदाज घेत होत्या.

त्यानंतर रोज हेच. बातम्या काय होत्या, ते अण्णा मला विचारत. मी थापांत तरबेज. एका मंत्र्याला मी आठवड्यात दोनदा राजीनामा द्यायला लावला. अण्णा म्हणाले, "लई अडचणीत दिसायलाय बिचारा."

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी शिडी लागली, अण्णा वर गेले, पण प्रश्न आलाच नाही. मी न विचारताच एकदा वाजवलं. पुन्हा एकदा. शिडी हलली नाही. अंगणात जाऊन वर पाहिलं. अण्णा पाइपाला टेकून बसले होते, एक हात अजून पाइपावर, मान छातीवर.

"अण्णा!" मी ओरडले. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच. काडीवरचा कावळा उडाला. अण्णांनी मान वर केली नाही.

पुतण्या वर चढला. त्यानं त्यांच्या नाकापाशी हात धरला आणि माझ्याकडं बघून नाही म्हणून मान हलवली.

आतून अक्कांनी विचारलं, "उतरले का गं?"

ताट हातातच होतं. मी दोनदा वाजवलं.