पुट्टीची अ‍ॅडमिशन

इतरांची मुलं शाळेत जातात, त्यामुळे त्यांचे किस्सेही शाळेतच राहतात. आमची शाळा घरात, डायनिंग टेबलावर! मग किस्से जाणार कुठे? टेबलाखालच्या चुरमुऱ्यांसारखे साचत राहतात. कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा आहेतच.

शर्वरी अकरा वर्षांची, ओंकार नऊचा. दोघांना मीच शिकवते. एक नियम मात्र मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. झालेला धडा मुलांनी त्यांना शिकवायचा. मामंजी भुवया चढवून ऐकतात आणि म्हणतात, "अजून डोक्यात शिरलं नाही, परत सांग." शेवटी मांडीवर थाप मारून "शिरलं!" म्हणाले की धडा संपला.

आणि टेबलाचा पाय धरून उभी असते चार वर्षांची पुट्टी. खरं नाव गौरी, पण म्हैसुरात धाकटीला पुट्टी नाही म्हणणार तर काय! तिचं एकच पालुपद, "मला पण अज्जांना शिकवायचंय." तिला काहीतरी 'अ‍ॅक्टिव्हिटी' देऊन गप्प करायचं, एवढाच माझा डाव होता.

पहिल्या दिवशी ताटात राजमा, छोले आणि पावटे एकत्र करून दिले. म्हटलं, वेगळे कर. पाच मिनिटांत तीन वाट्या तयार! मी कौतुक करायला गेले, तर ही कंबरेवर हात ठेवून उभी.

"दादाला अभ्यास आणि मला स्वयंपाक?"

शर्वरी पुस्तकामागे तोंड लपवून इतकी हसली की तिचा इतिहास त्या दिवशी तिथेच थांबला.

मग रंग दिले. लाल आणि पिवळा मिसळून काय होतं बघ, म्हटलं. मी ओंकारचा भागाकार तपासत होते. मागे वळून बघते तर मामंजींचा पांढराशुभ्र पंचा बादलीत, आणि बाईसाहेब कोपरापर्यंत नारिंगी!

अय्यो! आमचं घराणं मूळ रंगाऱ्यांचं. मामंजींनी स्वतः कितीतरी वर्षं कापडं रंगवलीत, पण स्वतःच्या पंच्यावर डाग खपवून घेत नाहीत. ते आले, पंचा उचलला, उजेडात धरला, अंगठ्याने चोळून बघितला.

"मीठ घातलं नाहीस वाटतं," ते पुट्टीला म्हणाले. "रंग धरणार नाही."

दुसऱ्या दिवशी भाजीत घालायला डब्यात मीठ शिल्लक नव्हतं.

एकदा आम्ही दारावर भाजी घेत होतो. समोरच्या आंटींनी पुट्टीचा गालगुच्चा घेतला आणि विचारलं, "याव स्कूलु, पुट्टी?" कुठली शाळा म्हणून. पुट्टीने असा काही चेहरा पाडला!

"अम्मा अ‍ॅडमिशन कोडल्ला!"

आई अ‍ॅडमिशन देत नाही! भाजीवाल्यासकट सगळे माझ्याकडे बघायला लागले. आंटी बिचाऱ्या संध्याकाळी खास सांगायला आल्या, हिनकलला एक नर्सरी आहे, तिथे अजून जागा आहे. पुट्टी माझ्या पाठीमागून ओरडली, "मला नको ती. मला याच शाळेत जागा पाहिजे!"

हसले मी, पण रात्री नवऱ्याला म्हटलं, पोर खरंच बाहेर उभी आहे हो. टेबल घरातलंच, आणि तिलाच जागा नाही.

याच सुमारास मामंजी अंगणात घसरले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं आखडली ती आखडलीच. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. मामंजींनी तो ऐकून घेतला, बस्स, तेवढंच. शर्टाची बटणं लागेनात. दुसऱ्या कुणाला हात लावू देतील तर शपथ! आणि शर्टाशिवाय घराबाहेर पाऊल नाही. म्हणून सकाळचं फिरणं बंद, मित्रांबरोबरची कॉफी बंद. दिवसभर बनियनवर खिडकीत बसून रस्त्यावरच्या लोकांना नावं ठेवायची.

मी इकडे पुट्टीसाठी नवा उद्योग शोधला होता. मामंजींचा जुना शर्ट घेतला, पुढची पट्टी कापली आणि फोटोच्या रिकाम्या फ्रेमवर ताणून बसवली. बटण लाव, बटण काढ. पुट्टी चार दिवस जीभ बाहेर काढून खपत होती. पाचव्या दिवशी फ्रेम काखेत मारून थेट खिडकीपाशी गेली.

"अज्जा, खाली बसा. आज माझा धडा."

मामंजी चटईवर बसले. भुवया चढवल्या. सवयीने म्हणाले, "शिरलं नाही, परत सांग."

"मी सांगत नाही. तुम्ही करून दाखवा!"

मी स्वयंपाकघराच्या दारातच थबकले. मामंजींनी बटण धरलं, सुटलं. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. कपाळावर घाम आला. पुट्टीने त्यांच्यासारखीच मान हलवली.

"तुमच्या बोटांत अजून शिरलं नाही. उद्या परत या."

आले! रोज येऊ लागले. ओंकार म्हणाला, "आई, अज्जा रोज नापास होतायत." पुट्टी मात्र आता टेबलाचा पाय धरत नाही. चटईवर मांडी घालून विद्यार्थ्याची वाट बघते, आणि मधे कुणी बोललं तर "क्लास चालू आहे!" म्हणून डोळे वटारते.

परवा सकाळी मी कॉफी घेऊन बाहेर आले. मामंजी आरशासमोर उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्यापासून खालपर्यंत सगळी बटणं लावलेली, एकही चुकलेलं नाही! फाटकाशी मित्र हाका मारत होते. मी काही बोलणार, तेवढ्यात आतून पुट्टीची पावलं वाजली.

मामंजींनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. भराभर सगळी बटणं काढली आणि चटईवर जाऊन बसले.

"टीचर," ते म्हणाले, "आजही जमत नाही बघा."