पाचवा ठिपका

चालताना मध्येच थांबून वर बघायची. भर दुपारीसुद्धा.
खुर्चीला पाठ टेकायची नाही.
निब मनगटाला पुसायची. मनगट कायम काळं.
लाइट गेली की सगळी चाळ ओरडायची. ही चप्पल शोधायची आणि गच्चीवर पळायची.
खात्री नसेल ती रेघ पेन्सिलीतच ठेवायची.

ही शेवटची सवय नोकरीतली. शालन ओव्हाळ अंबरनाथच्या एका कारखान्यात ट्रेसर होती. इंजिनीअरचं पेन्सिलीतलं ड्रॉइंग पारदर्शक कागदावर शाईने गिरवायचं, हे तिचं काम. कागदाच्या कोपऱ्यात चौकट असे. काढलं कोणी, गिरवलं कोणी, तपासलं कोणी. शंकेच्या रेघेला तपासणाऱ्याची सही झाल्यावरच शाई.

मी तिथेच टायपिस्ट. बी.ए. मराठी. तिच्याहून दहा वर्षांनी लहान. ती मला ‘ए बीए’ म्हणायची.

अंबरनाथ पूर्वेला चाळीच्या गच्चीवर तिची दुर्बीण होती. सहा इंची आरसा तिने आठ महिने स्वतः घासला होता. नळीचा पाइप उल्हासनगरहून आणला. दुकानदार म्हणाला, “बहनजी, बोअर मारना है क्या?”

“हां, ऊपर की तरफ.”

तिने चाळीस दीर्घिका निवडल्या होत्या. दुर्बिणीत त्या पुसट डागांसारख्या दिसतात. प्रत्येकीभोवतीचे तारे ती ट्रेसिंग पेपरवर ठिपक्यांनी उतरवायची. मग तो कागद जुन्या कागदावर ठेवायची.

“एखादा ठिपका जास्त निघाला तर?” मी विचारलं.

“सरकला तर लघुग्रह. जागेवर राहिला तर फुटलेला तारा.”

सहा वर्षं काहीच निघालं नव्हतं.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये एका शुक्रवारी निघालं. शुक्रवारी कारखान्यांना आठवड्याची सुट्टी, आकाशात धूर कमी. सिंह राशीतल्या एका डागाभोवती चार तारे असायचे. त्या दिवशी पाच. शनिवारीही पाच, त्याच जागी.

रविवारी ऑफिसात तिने मला तारेचा भरलेला फॉर्म दाखवला. नव्या ताऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा परदेशी पत्ता, खाली तिचं नाव.

“मग पाठव ना, शालनताई!”

“तपासल्याशिवाय?”

हेडड्राफ्ट्समन कमळाकर हसले. “ओव्हाळबाई, काचेवर माशी बसली असेल.”

म्हणून त्याच रात्री ती मला घेऊन गच्चीवर गेली. किती तारे आहेत ते तिने सांगितलं नाही. कागद दिला. म्हणाली, “आधी वीस मिनिटं अंधारात बस. डोळे तयार होऊ देत. मग दिसेल ते काढ.”

मी बसले. डास चावत होते. आई घरी वाट बघत असेल, असं वाटत होतं. शालनताई टाकीपासून कठड्यापर्यंत येरझाऱ्या घालत होती. पाचेक मिनिटांनी मी म्हणाले, “झाली असतील वीस.”

तिच्या हातात घड्याळ होतं. तिने ते बघितलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवला, की तिलाही धीर नव्हता, कळत नाही.

डाग दिसला. तारे हलत होते. मी चार ठिपके काढले.

लाल कागद लावलेल्या टॉर्चखाली तिने माझा कागद आपल्या कागदावर ठेवला. बराच वेळ बघितलं.

“परत बघू का?” मी विचारलं.

“आता नको. आता तुला माहीत झालं, कुठे शोधायचं ते.”

सोमवारपासून धूर इतका दाटला की डागही दिसेना. तारेचा फॉर्म तिच्या पर्समध्येच राहिला.

तीन आठवड्यांनी मुंबईच्या एका अभ्यासगटाचं पत्रक आलं. परदेशात कोणाला तरी तो तारा आमच्या त्या रविवारनंतरच्या मंगळवारी दिसला होता. तीच दीर्घिका, तीच जागा.

पत्रक तिनेच मला वाचायला दिलं. मी पुन्हा पुन्हा वाचलं.

“बीए, चहा घेणार?” तिने विचारलं.

शहाण्णवला ऑफिसात कॉम्प्युटर आले. ट्रेसिंगचं टेबल गेलं. ती भावाकडे नागपूरला निघाली. कागदांचं भेंडोळं माझ्याकडे ठेवून गेली.

तो शुक्रवारचा कागद सगळ्यात वर आहे. काढलं: शालन ओव्हाळ. गिरवलं: शालन ओव्हाळ. तपासलं: कोरं. चार ठिपके शाईत आहेत. पाचवा अजून पेन्सिलीत.