चटणीच्या यंत्राचा बुश
चिंचेची चटणी वाटल्याचा वास आला की लातुरातलं ते लेथचं दुकान आठवतं. मी वार्ताहर होतो, चहाला तिथे बसायचो. क्लासच्या पोरांची मेस चालवणारा चटणीच्या यंत्रातला झिजलेला बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी, घेऊन आला. स्टीलला वेळ लागतो म्हणून त्याला पितळेचा हवा होता. म्हातारा कारागीर म्हणाला, "मालक, चटणी आंबट हाय, पितळेत कळकंल, पोरास्नी बाधंल. फिरत्या बुशाला कल्हई टिकत न्हाई." "मामा, डॉक्टर कवापासून झालात? सांजच्याला पोरं जेवायला येतेत!" कारागिराने नकार दिला, शेजारच्या लेथवाल्याने तासाभरात पितळेचा करून दिला. आठवड्याने पोरं ओकू लागली. मेसवाला म्हणाला, "पाणी बाधलं." त्याची जाहिरात आमच्या अंकात असायची. मी बातमीत पाणीच लिहिलं. खाली माझं नाव छापलं होतं. अजून स्वतःची चीड येते.