मामांचं तोंड भरलेलं ठेवा

माझ्या थोरल्या मामांच्या पोटात आजवर अन्न सोडून दुसरं काहीही टिकलेलं नाही. मुरुमला त्यांचं कापडाचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकानं पिशवी पुढं केल्यावर "ह्यो रंग दुसऱ्या धुण्याला जातोय बघा" असं सांगणारा दुकानदार त्या बाजारात तेवढा एकच. एकदा त्यांनी आपला बैल विकायला काढला. सौदा ठरला, घेणारा दावं सोडायला वाकला, तेवढ्यात मामा म्हणाले, "उन्हाचा बसतोय हं ह्यो. मग उठत न्हाय." तो बैल पुढची कितीतरी वर्षं मामांच्याच गोठ्यात उन्हाचा बसत राहिला. येरमाळ्याला देवीच्या दर्शनाला जाताना त्यांनी एसटीतल्या अनोळखी माणसाला मामींचा मूळव्याध सविस्तर सांगितला होता. मामी पुढच्याच सीटवर होत्या. यात वाईट हेतू असा काही नसायचा. समोरच्याला ठाऊक नसलेली गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, हेच त्यांना अन्यायाचं वाटायचं.

अशा माणसाला माझ्या धाकट्या बहिणीच्या सोयरिकीच्या जेवणाला न्यायची वेळ आली. वडील नव्हते, तेव्हा घरातलं मोठं माणूस म्हणून मामाच हवे होते. मुलाकडचे पुण्याचे. मुलगी त्यांना पसंत होती, आता वडीलधाऱ्यांची भेट म्हणून त्यांनी आम्हाला तिथल्या एका बड्या, समुद्रातल्या माशांसाठी नावाजलेल्या हॉटेलात दुपारच्या जेवणाला बोलावलं होतं. अडचण एकच होती. बहिणीला लहानपणी फिट्स यायच्या. गोळी चालू असल्यानं कित्येक वर्षांत एकही आली नव्हती, पण हे लग्नानंतरच सांगायचं असं आईनं ठरवलं होतं.

"दादा, तुम्ही फक्त जेवा," आई गाडीत म्हणाली.

"जेवतो की. पण इचारलं तर?"

"न्हाय इचारणार."

"इचारलं तर म्हणतोय मी."

बहीण खिडकीबाहेर बघत होती.

हॉटेलच्या दारातच बर्फावर मासे मांडले होते. मामा थबकले. "ह्येंचे डोळे उघडेच हायेत की," म्हणाले आणि आत आले. आत गारवा, मंद दिवे आणि कुजबुजत बोलणारे लोक. वेटरनं मामांच्या मांडीवर पांढरं कापड पसरलं. मामांनी त्याचा पोत बोटांनी पाहिला, नीट घडी घातली आणि "लई चांगलं हाय, असू द्या" म्हणत परत दिलं. मुलाच्या वडिलांनी सुरमईचा भला जाड तुकडा मागवला, त्याला तिथं स्टेक म्हणतात. आईनं मला डोळ्यांनी खुणावलं, यांचं तोंड भरलेलं ठेव. मी मामांसाठी खेकडा सांगितला. खेकडा खाताना माणसाला दुसरं काही सुचत नाही. नांगी फोडायचा चिमटा हातात आला आणि मामा खरोखरच गुंतले. मला जरा हायसं वाटलं.

मुलाची आई फार प्रेमळ बाई होती, अवघड झालं ते त्यामुळंच. ती आपल्या गुडघ्यांबद्दल सांगत होती, आणि त्याच ओघात म्हणाली, "आता या वयात आमचं हे चालायचंच. मुलीची तब्येत बरी असते ना?"

"हो हो, अगदी ठणठणीत," आई पुणेरी बोलायची पराकाष्ठा करत म्हणाली.

मामांचा चिमटा थांबला. एवढ्या गारव्यात त्यांच्या कपाळावर घाम आला. ते स्वतःच्या ग्लासातलं पाणी प्याले, मग माझ्या. मी घाईनं त्यांच्या ताटात खेकड्याचा आणखी एक तुकडा ठेवला. त्यांनी तो बाजूला सारला. आईचा हात टेबलाची कड घट्ट धरून होता.

"बाळे," मामा बहिणीला हळूच म्हणाले, "ही गोष्ट तुझी हाय. मी न्हाय सांगत. पण मला हितं बसवंना." आणि ते उठून बाहेर गेले. काचेतून दिसत होते, बर्फावरच्या माशांसमोर हात मागं बांधून उभे.

"काय झालं?" मुलाच्या आईनं विचारलं.

बहिणीनं चमचा खाली ठेवला. "मला लहानपणी फिट्स यायच्या. आता येत नाहीत, पण गोळी चालू आहे." तिचा आवाज जराही हलला नाही. मुलानं वडिलांकडं पाहिलं, वडिलांनी ताटाकडं. मुलाच्या आईनं बहिणीच्या हातावर हात ठेवला, "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणाली. थोड्या दिवसांनी मध्यस्थामार्फत नकार आला.

आईनं मामांशी बोलणं टाकलं. "तोंडानं न्हाय, पण उठून सांगितलंच की," एवढंच ती म्हणे. मामांनीही आमच्याकडं येणं बंद केलं. बहीण मात्र मुरुमला जात राहिली. पुढची स्थळं आली तेव्हा चहाच्या आधीच ती सगळं सांगून टाकायची. बरेच जण चहा पिऊन गेले. उमरग्याचा एक शिक्षक मात्र ऐकून घेऊन म्हणाला, "गोळी जेवणाआधी असते का नंतर?" तिनं तिथंच होकार दिला.

साखरपुड्याचं बोलावणं द्यायला ती स्वतः मामांकडं गेली. "मी न्हाय येत बाळे. परत कायतरी निघंल माझ्या तोंडातून."

"निघू द्या. सगळं सांगून झालंय, मामा."

मामा आले. आई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, काही न बोलता त्यांना वाढत राहिली, आणि तेही नको न म्हणता जेवत राहिले. शेजारी नवरदेवाचे चुलते बसले होते. मामा दोनतीनदा त्यांच्याकडं वळले, तोंड उघडलं आणि मिटलं. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पहिल्यांदाच मला ते थकलेले, म्हातारे दिसले.

शेवटी त्यांनी चुलत्यांना विचारलं, "तुमच्याकडं औंदा ऊस कसा हाय?" चुलते भरभरून सांगू लागले. मामा मान हलवत होते, पण बघत होते पलीकडं, बहिणीकडं.